चित्र पकडणारं कार्ड

श्रोतेहो, वऱ्हाडातल्या माणसाला कापसाचा प्रवास समजावून सांगण्याची गरज नाही. पऱ्हाटी फुटते, वेचणी होते, बंडी भरून कापूस जिनिंगमध्ये जातो, तिथं सरकी वेगळी होते आणि रुई दाबून तिची गाठ बांधली जाते. ढीगभर कापूस हाताच्या कवेत मावत नाही. पण तोच दाबला, की आगगाडीच्या डब्यात शिस्तीनं बसतो. आज मी ज्या वस्तूची हकिगत सांगणार आहे, तीही एका परीनं जिनिंग-प्रेसच आहे. मात्र ती कापसाची नव्हे, चित्रांची आहे. तिला व्हिडिओ कॅप्चर कार्ड म्हणतात. जुन्या फितीवरचं हलतं चित्र पकडून संगणकात भरणारी ही हातभर पाटी. एके काळी अमरावती, अकोला अशा गावांतल्या स्टुडिओंत ती मोठ्या कष्टानं बसवली गेली, आणि आता ती जवळजवळ विसरली गेली आहे. पण तिचं काम अजून संपलेलं नाही, म्हणून ही कहाणी.

तुम्ही म्हणाल, चित्र पकडून ठेवण्याचं एवढं काय मोठं? तर आधी आवाजाचं एक उदाहरण घ्या. संत गाडगेबाबा आपल्या अमरावती जिल्ह्यातले, शेंडगावचे. त्यांनी आयुष्यभर गावोगाव कीर्तनं केली. त्यातली बहुतेक सारी वाऱ्यावर गेली. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईला वांद्रे इथं पोलीस मंडळींपुढं त्यांचं कीर्तन झालं. त्या दिवशी तिथं ध्वनिमुद्रणाचं यंत्र होतं. पुढं दीड महिन्यात, २० डिसेंबर १९५६ ला, वलगावजवळ बाबांचं निधन झालं. आज शाळेतल्या मुलाला बाबांची ती खणखणीत वऱ्हाडी बोली, ते प्रश्न विचारणं, ते लोकांकडून उत्तर काढून घेणं ऐकायला मिळतं, ते केवळ त्या एका दिवशी यंत्र हजर होतं म्हणून. आणि दुसरी गोष्टही ध्यानात घ्या. ती जुनी फीत तशीच पडून राहिली असती, तर तो आवाजही गेला असता. कुणीतरी ती वेळेवर दुसऱ्या साधनावर उतरवून घेतली, म्हणून तो टिकला. नोंद होणं ही अर्धी गोष्ट; नोंद वेळेवर पुढच्या साधनावर नेणं ही उरलेली अर्धी.

आवाजाची फीत गावात आली, त्यानंतर बऱ्याच वर्षांनी चित्राची आली. दूरदर्शन दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला सुरू झालं, मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला. रंगीत चित्र १९८२ साली आलं. त्याच सुमारास व्हीसीआर नावाचं यंत्र घरोघरी नाही, तरी गावोगाव पोचलं. जपानच्या जेव्हीसी कंपनीनं १९७६ साली बाजारात आणलेली व्हीएचएस पद्धतीची कॅसेट त्यात चाले. भाड्यानं व्हीसीआर आणायचा आणि वाड्याच्या अंगणात रात्रभर तीन-तीन सिनेमे पाहायचे, हे दिवस पुष्कळांच्या आठवणीत असतील. मग कॅमेरा आला. लग्नाच्या मांडवात डोळे दिपवणारा दिवा घेऊन एक माणूस फिरू लागला. त्यानं लग्न टिपलं, तसंच शाळेचं स्नेहसंमेलनही टिपलं. गुरुजींचा निरोप समारंभ टिपला, भजनी मंडळ, दंडार, गोंधळ, पोळ्याची मिरवणूक टिपली. त्याला कुणी इतिहासकार म्हटलं नाही. पण १९८५ ते २००५ या वीस वर्षांतलं गाव कसं चालत होतं, बोलत होतं, हे आज कुठं पाहायचं असेल, तर त्याच्या कॅसेटींतच पाहावं लागेल.

या कॅसेटीत एक मोठी खोड होती. अर्धा इंच रुंदीच्या फितीवर चित्र चुंबकाच्या लहरींच्या रूपानं उमटलेलं असे. नको तो भाग गाळून, हवा तो जोडायचा तर दोन यंत्रं समोरासमोर ठेवून एका फितीवरून दुसरीवर नक्कल करावी लागे. आणि प्रत्येक नकलेत चित्र फिकट होई. ताकात पाणी घालत जावं तसं. मूळ फितीची नक्कल, नकलेची नक्कल, असं तिसऱ्या हातापर्यंत पोचेतो नवरीच्या शालूचा रंग शेजारच्या माणसाच्या सदऱ्यावर पसरे.

यावर उपाय एकच होता: लहरींचे आकडे करायचे. आकड्याची नक्कल कितीही वेळा केली, तरी आकडा फिकट होत नाही. पाढ्याच्या वहीतून पाढा उतरवला, तर दोन्ही वह्यांत सात साते एकोणपन्नासच राहतात. मात्र चित्राचे आकडे किती होतात, ते जरा फळ्यावर मांडून पाहू. शिक्षक मंडळींनी हा हिशेब वर्गात अवश्य घालावा.

आपल्याकडच्या दूरदर्शनच्या पद्धतीला पाल म्हणतात. तिच्यात सेकंदाला २५ चित्रं. १९८२ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मापानुसार एका चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके. गुणाकार केला, की ४,१४,७२० ठिपके होतात. दर ठिपक्याला रंग-उजेडाच्या नोंदीसाठी दोन बाइट जागा धरली, तर एका चित्राला ८,२९,४४० बाइट. त्याला २५ नं गुणा: एका सेकंदाला २ कोटी ७ लाख ३६ हजार बाइट. त्या काळची साडेतीन इंची फ्लॉपी आठवा. तिच्यात साधारण पावणेपंधरा लाख बाइट मावत. म्हणजे एका सेकंदाच्या चित्राला चौदा फ्लॉप्या! तासाभराच्या चित्राला सुमारे ७५ गिगाबाइट जागा हवी, आणि १९९५ च्या सुमारास साध्या संगणकाची सगळी हार्ड डिस्क एखाद्या गिगाबाइटची असे. ती पन्नास सेकंदांत भरून गेली असती. कापूस असा शिगोशीग आणि गोदाम कोनाड्याएवढं!

आता हे कार्ड संगणकात बसायचं कुठं? आयबीएमचा पीसी १९८१ साली निघाला, तेव्हाच त्याच्या पोटात रिकाम्या खाचा ठेवलेल्या होत्या. त्यांना स्लॉट म्हणतात. नवं काम हवं असेल, तर त्या कामाचं कार्ड आणून खाचेत बसवा, अशी ती मोकळी मांडणी होती. आवाजाचं कार्ड त्यातूनच आलं. मराठी अक्षरांचंही आलं: पुण्याच्या सी-डॅक संस्थेचं जिस्ट कार्ड बसवलं, की इंग्रजीखेरीज काही न जाणणाऱ्या पडद्यावर देवनागरी उमटे. आणि १९९२ साली चित्राचीही वेळ आली. त्या वर्षी क्रिएटिव्ह कंपनीनं व्हिडिओ ब्लास्टर हे कार्ड काढलं, आणि वर्षअखेरीस मायक्रोसॉफ्टनं विंडोजवर हलतं चित्र चालवण्याची सोय बाजारात आणली. तरीही सुरुवातीचं हे चित्र टपालाच्या तिकिटाएवढं आणि अडखळत चालणारं होतं.

कार्ड बसवणं हे दिसायला सोपं काम. वीज बंद करायची, पेटीचे स्क्रू काढायचे, मागची पत्र्याची पट्टी काढायची, कार्ड दोन्ही अंगठ्यांनी सारखं दाबून खाचेत बसवायचं आणि स्क्रू आवळायचा. पण वऱ्हाडात एक खबरदारी जास्त घ्यावी लागे. आपला उन्हाळा कोरडा. अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा कोरड्या हवेत नायलॉनच्या कपड्यातून ठिणगी उडते, हे आपण पाहिलं आहे. माणसाला ती ठिणगी जेमतेम जाणवते, कार्डावरच्या नाजूक चकत्यांना मात्र ती मारून टाकते. म्हणून जाणता माणूस आधी पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावी आणि मगच कार्डाला.

खरी कसोटी पुढं होती. संगणकाच्या पोटात प्रत्येक कार्डाला मेंदूचं लक्ष वेधून घ्यायला एक क्रमांक लागे. त्याला आयआरक्यू म्हणत. असे क्रमांक फक्त सोळा, शून्यापासून पंधरापर्यंत. त्यातला एक घड्याळाचा, एक कळफलकाचा, एक फ्लॉपीचा, एक छपाईयंत्राचा, एक हार्ड डिस्कचा. आठवडी बाजारात ओटे मोजके, आणि बरेचसे आधीच मांडलेले. त्यात आवाजाचं कार्ड बहुधा पाचव्या ओट्यावर बसलेलं. नव्या चित्र-कार्डानंही पाचवाच ओटा मागितला, की दोघांचं भांडण. एक तर चित्र थिजे, नाहीतर आवाज बंद पडे, नाहीतर सारा संगणकच गप्प होई. मग पुन्हा पेटी उघडा, कार्डावरची जंपर नावाची नखाएवढी टोपी चिमट्यानं काढा, दुसऱ्या काड्यांवर बसवा, पेटी बंद करा, संगणक सुरू करा आणि पाहा. पाच चालत नाही तर दहा, दहा नाही तर अकरा. काही जुन्या कार्डांना तर संगणकाच्या स्मृतीतल्या पहिल्या १६ मेगाबाइटच्या आतच स्वतःची जागा हवी असे. संगणकात स्मृती जास्त भरली, तर कार्ड चालेना. हौसेनं घर मोठं बांधावं आणि पाहुण्यानं त्याच कारणानं आत यायला नकार द्यावा, तशी ही गत.

हे सारं ज्यांनी निभावलं, ती मंडळी बहुतेक फोटोग्राफीच्या धंद्यातली होती. माहितीची पुस्तिका इंग्रजीत, विकणारा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, आणि शेजारी विचारायला कुणी नाही. वहीत क्रमांक लिहून, एकेक खोडून, त्यांनी मार्ग काढला. यालाच प्रयोग म्हणतात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, फळ काय आलं ते लिहून ठेवायचं आणि मग दुसरी बदलायची. विज्ञानाच्या तासाला आपण मुलांना याहून वेगळं काय शिकवतो? ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आलं आणि संगणक स्वतःच कार्डांना ओटे वाटून देऊ लागला. भांडणं पुष्कळ कमी झाली, मात्र मिटली नाहीत.

दुसरी अडचण रस्त्याची. कार्डाकडून डिस्ककडे आकडे वाहून नेणारा मार्ग अरुंद होता. इथं आपल्याच मुलखातला दाखला देतो. मूर्तिजापूरहून एका अंगाला यवतमाळला आणि दुसऱ्या अंगाला अचलपूरला जाणारी शकुंतला गाडी तुम्हाला ठाऊक आहे. तिच्या रुळांत अंतर ७६२ मिलिमीटर. मुंबई-नागपूर मुख्य मार्गाच्या रुळांत ते १६७६ मिलिमीटर. संगणकातला जुना आयएसए मार्ग म्हणजे ही शकुंतला. सेकंदाला फार तर ८० लाख बाइट वाहायचे, तेही कागदावर. आणि आपल्या चित्राला लागत होते दोन कोटींहून अधिक. पुढं पीसीआय नावाचा रुंद मार्ग आला. त्याची ताकद सेकंदाला १३ कोटी बाइटांवर होती. रस्ता मिळाला, पण त्या टोकाची डिस्क अजून हळूच गिळत होती.

म्हणून शेवटी प्रेस लागला. चित्र दाबायचं. प्रत्येक चित्रात सारखा रंग असलेला भाग पुष्कळ असतो: मांडवाचं कापड, आभाळ, भिंत. त्यातला प्रत्येक ठिपका वेगळा लिहिण्याऐवजी थोडक्यात लिहायचा, आणि डोळ्याला न जाणवणारा बारकावा सोडून द्यायचा. एकेक चित्र असं स्वतंत्र दाबण्याच्या पद्धतीला मोशन जेपेग म्हणत. जर्मनीच्या मिरो कंपनीच्या डीसी-३० सारख्या कार्डांवर हे दाबण्याचं काम करणारी चकतीच बसवलेली असे. सातास एक असं दाबलं, की दोन कोटींचे सेकंदाला तीस लाख बाइट होत. तेवढे डिस्कला पेलत. आता कळलं ना, या कार्डाला जिनिंग-प्रेस का म्हटलं ते?

तरी काम नीट उतरायला चार गोष्टी सांभाळाव्या लागत. पहिली, पद्धत पाल निवडायची. अनेक कार्डांची सुरुवातीची निवड अमेरिकेच्या पद्धतीची असे. ती तशीच राहिली, तर चित्र वर-खाली घरंगळे, किंवा रंग उडून काळं-पांढरं होई, आणि बिचाऱ्या कार्डाला खराब म्हणून परत पाठवलं जाई. दुसरी, आवाजाची तार माइकच्या भोकात न घालता लाइन-इनमध्ये घालायची, नाहीतर सनई फाटून ऐकू येई. तिसरी, चित्र एका कार्डानं आणि आवाज दुसऱ्यानं घेतला, तर दोघांची घड्याळं किंचित पुढंमागं चालत. अर्ध्या तासानं भटजींचे ओठ आधी हलत आणि मंगलाष्टक मागून येई. चौथी गोष्ट म्हणजे तुकडे. त्या काळी एका फायलीला दोन गिगाबाइटची मर्यादा असे. सेकंदाला तीस लाख बाइटांच्या हिशेबानं ती बारा मिनिटांत भरे. तीन तासांचं लग्न म्हणजे पंधरा-सोळा तुकडे. त्यात मध्येच वीज गेली, की चालू तुकडा गेलाच. भारनियमनाच्या वर्षांत पुष्कळांनी हे काम रात्री जागून केलं.

काम पुरं झालं, की ते व्हीसीडीवर जाई. त्या तबकडीवर सुमारे ७४ मिनिटं मावत. दोन-तीन तबकड्यांचा संच, वर नवरा-नवरीचं नाव मराठी अक्षरांत. लोकांनी हौसेनं तो संच घेतला आणि मूळ कॅसेट पेटीत टाकली. इथंच मोठी चूक झाली, ती समजून घ्या. व्हीसीडीवरचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, फार दाबलेलं. ती होती सोयीची प्रत. अस्सल माल कॅसेटीतच राहिला. आणि ज्यांनी व्हीसीडी केलीच नाही, त्यांचं तर सर्वस्व कॅसेटीत आहे.

१९९५ नंतर कॅमेरे स्वतःच आकड्यांत नोंद करू लागले. डीव्ही पद्धतीत कॅमेऱ्यातून आकडे निघत आणि संगणकातलं साधं कार्ड ते नुसतं उतरवून घेई. लहरींचे आकडे करणारं कार्ड मागं पडलं. आजच्या संगणकात त्याची खाचही नसते. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीनं, फुनाईनं, जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. युनेस्को आणि ध्वनिचित्र-संग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी मिळून २०१९ मध्ये जगभर इशारा दिला, की चुंबकी फिती वाजवणारी यंत्रं आणि ती दुरुस्त करणारे हात संपत चालले आहेत. २०२५ च्या पुढं हे काम फार अवघड होईल. ते सालही आता आलं आणि उलटलं.

पुन्हा मूर्तिजापूरला येतो. अरुंद गाडीतून आलेला कापूस त्या स्टेशनात उतरवून रुंद गाडीत भरला जाई. ती अदलाबदल तिथंच होणं शक्य होतं, आणि दोन्ही गाड्या चालू होत्या तोवरच. आज शकुंतला धावत नाही. कॅप्चर कार्ड हेही असंच बदलीचं स्टेशन आहे. एका अंगाला फिती, दुसऱ्या अंगाला आकडे. फितींची गाडी आता अगदी शेवटच्या फेऱ्या मारते आहे. जो माल अजून पलीकडं पडून आहे, तो आत्ता उतरवला नाही, तर पुढं यंत्र शोधूनही उपयोग व्हायचा नाही.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना आणि गावातल्या जाणत्या मंडळींना माझी विनंती आहे. शाळेचं कपाट उघडून पाहा. जुन्या संमेलनाची, बदलून गेलेल्या गुरुजींची, गावातल्या म्हाताऱ्या गायिकेची कॅसेट सापडेल. ती लगेच यंत्रात घालू नका. खिडकीतून फितीकडे पाहा. पांढरी बुरशी दिसली, तर जाणत्याकडून साफ करून घेतल्याशिवाय चालवू नका. एक खराब फीत यंत्राचं डोकं मळवते आणि पुढच्या दहा फिती बिघडवते. तालुक्याच्या जुन्या स्टुडिओत चौकशी करा. पुष्कळ ठिकाणी तो जुना व्हीसीआर आणि कार्ड बसवलेला जुना संगणक कोपऱ्यात झाकून ठेवलेला असतो, आणि तो चालवणारा माणूसही असतो. कार्ड नसेल, तर यूएसबीला जोडायची छोटी डबी मिळते. काम तेच, फक्त पाल निवडायला विसरू नका. उतरवलेल्या चित्राच्या तीन प्रती करा आणि त्यातली एक दुसऱ्या गावी ठेवा.

आणि शेवटचं, सर्वांत सोपं, पण सर्वांत जास्त राहून जाणारं काम. चित्र सुरू असताना गावातल्या वडीलधाऱ्यांना समोर बसवा आणि नावं लिहून घ्या. हा कोण, ती कुणाची, हे साल कोणतं, हा वाडा कुणाचा. कार्ड चेहरा पकडतं, त्याला नाव पकडता येत नाही. ते सांगणारी माणसंही फितींसारखीच थोडी उरली आहेत. मुलांच्या हातात वही द्या आणि त्यांना आजी-आजोबांजवळ बसवा. इतिहासाचा तो तास मुलं जन्मात विसरणार नाहीत.